पेरोंनी बुशना पाडलं नाही

१९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांनी मतं खाल्ली म्हणून तेव्हाचे अध्यक्ष, रिपब्लिकन पक्षाचे थोरले जॉर्ज बुश डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांच्याकडून हरले, असं अमेरिकेत आजही छातीठोकपणे सांगतात. हे साफ चुकीचं आहे. पेरोंना जवळपास १९ टक्के मतं पडली खरी. पण मतदान करून बाहेर पडलेल्या त्यांच्या मतदारांना ‘पेरो नसते तर कुणाला मत दिलं असतं?’ असं विचारलं, तेव्हा ३८ टक्के बुशकडे आणि तितकेच क्लिंटनकडे झुकणारे निघाले. शिवाय जुलैत पेरोंनी माघार घेतली, ऑक्टोबरमध्ये परतले. मधल्या काळातही क्लिंटनच पुढे होते.

मतदार आधीच दुरावला होता. ‘नवे कर नाहीत’ हा शब्द बुश यांनी १९९० मध्येच मोडला, त्यात मंदी आली. १९९२ च्या फेब्रुवारीत न्यू हॅम्पशायर राज्यात पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी मतदान झालं, तेव्हा त्यांच्याच पक्षातल्या ३७ टक्के मतदारांनी पक्षातले प्रतिस्पर्धी पॅट ब्युकॅनन यांना मत दिलं. तेव्हा पेरो रिंगणात उतरलेही नव्हते.