भात-पोळी काढली, त्या जागी काय वाढलं?

मधुमेहाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरत असतो. डावीकडे जुना रिपोर्ट, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ९.२. उजवीकडे तीन महिन्यांनंतरचा, ५.९. खाली ओळ: ‘भात, पोळी, साखर बंद. डायबिटीस मुळापासून बरा.’ त्याखाली जोडलेले हात आणि डाएट चार्ट मागणाऱ्यांची रांग.

हे आकडे खोटे असतात असं मला वाटत नाही. कर्बोदकं कमी केली की रक्तातली साखर उतरते, बऱ्याच जणांच्या गोळ्याही कमी होतात, हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण गोळ्या बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिला, तरच त्याला रेमिशन (आजार शमलेला, पण कायमचा गेलेला नाही) म्हणावं, असं २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ठरवलं. नंतरही दरवर्षी तपासणी करायचीच. फोटोतल्या माणसाच्या गोळ्या चालू आहेत की बंद, ते कुणी सांगत नाही. शिवाय टाइप २ मधुमेहात सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात, आणि त्या फोटोत कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट कधीच नसतो.

युक्ती तशी जुनी आहे. जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने कॅप्टन मेरेडिथ या आपल्या रुग्णाला मांसाहारावर ठेवून त्याच्या लघवीतली साखर उतरवली, ती हकीकत १७९७ मध्ये छापली गेली. पुढे १८७० मध्ये प्रशियन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्नाची टंचाई झाली, आणि बूशार्दा या फ्रेंच डॉक्टरच्या लक्षात आलं की आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी होते आहे. १९२२ मध्ये इन्सुलिन रुग्णांना मिळू लागलं आणि ही पथ्यं मागे पडली. पण वेढ्यातल्या त्या रुग्णांना गुण आला तो पाव-बटाटे कमी झाल्याने की एकूण खाणंच कमी झाल्याने? आजच्या सगळ्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर यकृतात सापडतं.

मधुमेही लोक नेहमी विचारतात: रात्री आठला जेवलो, नंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, मग सकाळी उपाशीपोटी साखर १६० कशी? ती साखर यकृताने सोडलेली असते. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साधारण पाच ग्रॅम ग्लुकोज असतं, जेमतेम एक चमचा. एकटा मेंदूच दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज वापरतो. म्हणजे तो चमचा सतत भरत राहायला हवा. जेवणाच्या मधल्या वेळेत आणि रात्रभर हे काम यकृत करतं, तासाला साधारण आठ-दहा ग्रॅम या वेगाने. यकृत हे घराचं कोठार आणि इन्सुलिन हा त्याचा कारभारी. जेवण झालं, साखर बाहेरून येऊ लागली, की इन्सुलिन हुकूम सोडतं: आता आतलं काही काढू नका.

यकृताच्या पेशींत चरबी साठली की हा हुकूम पाळला जात नाही. चरबी तयार होताना डायअ‍ॅसिलग्लिसरॉल नावाचा एक मधला पदार्थ बनतो. तो साचला की प्रोटीन कायनेज सी-एप्सिलॉन नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि इन्सुलिनच्या ग्राहीला, म्हणजे त्याचा हुकूम टिपणाऱ्या रिसेप्टरला, पेशीच्या आतून अडवतं. खरी गंमत पुढे आहे. यकृत इन्सुलिनचा एक हुकूम धुडकावतं, पण दुसरा निमूट पाळत राहतं. ‘साखर सोडू नका’ हे ऐकत नाही, ‘जास्तीच्या ग्लुकोजची चरबी करून ठेवा’ हे मात्र ऐकतं, कारण त्या कामाचा पेशीतला मार्ग वेगळा आहे. तो एसआरईबीपी-१सी या, चरबी बनवणारी जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनातून जातो. आता चक्र कसं फिरतं पाहा. सकाळची साखर वाढते, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. जास्त इन्सुलिनमुळे यकृतात जास्त चरबी बनते, आणि त्या चरबीमुळे साखर आणखी वाढते. यकृताला न मावणारी चरबी व्हीएलडीएल नावाच्या चरबीवाहू कणांतून रक्तात येते. तिचा काही भाग स्वादुपिंडात जाऊन बसतो, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मंदावतात.

न्यूकॅसल विद्यापीठाच्या रॉय टेलर यांनी ही दुहेरी चक्राची कल्पना २००८ मध्ये मांडली आणि २०११ मध्ये ती तपासून दाखवली. टाइप २ मधुमेह असलेल्या अवघ्या ११ जणांना त्यांनी आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं आणि एमआरआयने यकृत-स्वादुपिंडातली चरबी मोजली. सातव्या दिवशीच उपाशीपोटीची सरासरी साखर सुमारे १६६ वरून १०६ वर आली. आठ आठवड्यांत यकृतातली चरबी १२.८ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर आली. स्वादुपिंडातली चरबी हळूहळू उतरली, ८ वरून ६.२ टक्के, आणि तिच्याबरोबर बीटा पेशी पुन्हा नीट काम करू लागल्या. संपलेल्या मानलेल्या त्या पेशी मेलेल्या नव्हत्या, दबलेल्या होत्या. मधुमेहाच्या विज्ञानात गेल्या पंचवीस वर्षांत याहून आशा देणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही.

टेलर यांची पुढची मोठी चाचणी ‘डायरेक्ट’. तिच्यात लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींच्या शेक आणि सूपवर ठेवलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये होते, आणि १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्यांत तर ८६ टक्के. ‘कार्ब हेच विष’ म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा, कारण त्या शेकमधल्या ५९ टक्के कॅलरी कर्बोदकांच्याच होत्या. गुण आला तो यकृतातली चरबी उतरल्यामुळे, आणि ती उतरवण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत.

कर्बोदकं कमी करणं ही त्यातली एक चांगली वाट आहे. डेन्मार्कमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेह्यांचं वजन मुद्दाम स्थिर ठेवून, फक्त कर्बोदकं ५० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणून पाहिलं. सहा आठवड्यांत एचबीएवनसी आणि यकृतातली चरबी दोन्ही जास्त उतरली. यकृताकडे येणारं जादा ग्लुकोज थांबलं, इन्सुलिन उतरलं, की चरबी बनवण्याचा हुकूमही सौम्य होतो.

अडचण टिकण्याची आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२१ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. एचबीएवनसी ६.५ च्या खाली येणं, मग औषध चालू असो वा नसो, एवढीच कसोटी लावली तर सहा महिन्यांनी कमी कर्बोदकांच्या गटात ५७ टक्के लोक यशस्वी होते, इतर आहारांच्या गटांत ३१ टक्के. बारा महिन्यांनी हा फरक बराच ओसरला. ‘डायरेक्ट’मध्येही दुसऱ्या वर्षी ३६ टक्के उरले, आणि पाठपुरावा चालू राहिलेल्या गटात पाचव्या वर्षी १३ टक्के. वजन परत आलं, त्याबरोबर यकृतातली चरबीही परतली.

‘मी तर बारीक, मला चरबीचं काय?’ याचं उत्तर पुण्यात मिळालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांचा याज्ञिक यांचा अभ्यास सांगतो की ही ठेवण जन्मापासूनचीच आहे: इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजन कितीतरी कमी, पण चरबीचा वाटा त्या मानाने राखलेला. म्हणून आपल्याकडे काटा ‘नॉर्मल’ दाखवत असतानाही यकृत चरबीने भरलेलं असू शकतं. टेलर यांनी नंतर सडपातळ मधुमेह्यांवर लहानसा अभ्यास केला. बीएमआय २७ पर्यंतच्या २० जणांनी सुमारे दहा टक्के वजन उतरवलं आणि १४ जण रेमिशनमध्ये गेले.

आता हृदय. कर्बोदकं कमी केल्यावर ट्रायग्लिसराइड्स (रक्तात फिरणारी चरबी) हमखास उतरतात आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वाढतं. भारतीयांत बिघाड नेमका इथेच जास्त असतो, त्यामुळे हा फायदा मोठा आहे. अमेरिकेत व्हर्टा या कंपनीच्या कीटो (कर्बोदकं जवळजवळ बंद) कार्यक्रमात वर्षभरात मधुमेह्यांची ट्रायग्लिसराइड्स २४ टक्के उतरली. पण एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १० टक्के वाढलं. ही सरासरी आहे, आणि त्या लोकांचा सरासरी बीएमआय चाळीसच्या घरात होता. बीएमआय २५ च्या खाली असलेल्यांनी कर्बोदकं फार कमी केली तर एलडीएल कितीतरी जास्त चढू शकतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे.

हेही यकृतातच घडतं. एलडीएलचे कण रक्तातून उचलायला यकृताच्या पेशींवर ग्राही असतात. ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आहारात संपृक्त चरबी (तूप, लोणी, खोबरेल यांतली) वाढली की या ग्राहींचं काम मंदावतं, कण रक्तात जास्त काळ फिरतात आणि धमनीच्या भिंतीत शिरतात. एचबीएवनसी ५.९ असला तरी ही प्रक्रिया थांबत नाही, आणि तिचा परिणाम दिसायला दहा-वीस वर्षं लागतात. कमी कर्बोदकांच्या आहाराने हार्ट अटॅक कमी होतात की वाढतात, हे चिठ्ठ्या टाकून गट पाडून इतकी वर्षं तपासणारी मोठी चाचणी आजवर झालेली नाही. आहेत ते निरीक्षणाचे अभ्यास. त्यातला अमेरिकेचा ‘एरिक’ १५,४२८ जणांचा, सुमारे २५ वर्षांचा. सर्वांत कमी मृत्यू ५० ते ५५ टक्के कर्बोदकं खाणाऱ्यांत होते, ४० च्या खाली आणि ७० च्या वर धोका वाढलेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कर्बोदकांच्या जागी मांस आणि प्राणिजन्य चरबी आली तिथे मृत्यू वाढले, डाळी, दाणे, सुकामेवा आला तिथे कमी झाले. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, पण एलडीएलबद्दल जे माहीत आहे त्याच्याशी हे चोख जुळतं.

म्हणून ताटाकडे पाहायचं. दोन पोळ्या, वाटीभर भात, आमटी, बटाट्याची भाजी, एवढ्यातच शंभर ग्रॅम कर्बोदकं होतात. चाचण्यांत कमी कर्बोदकांची व्याख्या दिवसभरात १३० ग्रॅमच्या आत अशी असते. भाकरीने हे गणित बदलत नाही. ज्वारी, नाचणी, गहू, कुठल्याही पिठात शंभर ग्रॅममागे सत्तरच्या आसपास कर्बोदकं असतात. २०२५ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात. नुसतं गव्हा-मिलेटच्या पिठाकडे वळल्याने मधुमेहाचा धोका घटलेला त्यात दिसला नाही, कर्बोदकांतल्या ५ टक्के कॅलरी डाळी किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांकडे वळवल्या तर घटतो असं दिसलं. आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी? साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. मधुमेह्याने पुण्य मिळवण्यासाठी हा मार्ग घेऊ नये. विजयसार लाकडाच्या पेल्यातलं पाणी पिऊन गोळ्या सोडणाऱ्यांबद्दल तर काळजीच वाटते, कारण असे लोक डॉक्टरकडे परत येतात ते बहुधा पायाची जखम चिघळल्यावर.

एक पोळी कमी करून मटकीची उसळ, दही, अंडं, बांगडा, मूठभर शेंगदाणे घेतले तर यकृत आणि धमनी दोघांचं भलं होतं. तीच जागा तूप, लोणी, चीज आणि खोबरेल तेलाने भरली तर साखर उतरेल, एलडीएल चढेल. खोबरेलात सुमारे ९० टक्के चरबी संपृक्त, तुपात साठच्या पुढे, शेंगदाणा तेलात विसाच्या आत, करडईच्या तेलात दहाच्या आत.

सुरुवात करण्याआधी औषधं डॉक्टरांना दाखवा, हे सांगणं फार गरजेचं आहे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली तर साखर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असताना कीटो केलं तर रक्तात आम्ल साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसते, म्हणून निदान हुकतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर थेट रुग्णालय गाठायचं.

आहार बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी एचबीएवनसीबरोबर लिपिड प्रोफाइल करून घ्या, जमल्यास अ‍ॅपोबी ही रक्तचाचणीसुद्धा, कारण धमनीत शिरणाऱ्या कणांची संख्या तीच नेमकी सांगते. एलडीएल चढलं असेल तर आधी तूप-खोबरेल कमी करून पुन्हा तपासा. चालू असलेली स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी मात्र ‘आता शुगर नॉर्मल आहे, मग ही कशाला’ असं म्हणून आपल्या मनाने सोडू नका. ती गोळी साखरेसाठी दिलेलीच नव्हती.