मेरोपेनेम कमी झालं की मोजपट्टी बदलली?

पावसाळा सरता सरता पुण्यात डेंग्यूचे पेशंट वाढतात, आयसीयू भरतं आणि अँटिबायोटिकच्या व्हायलींचा आकडाही फुगतो. म्हणून वापर नेहमी दर हजार रुग्णदिवसांमागे (एक पेशंट एक दिवस भरती, तो एक रुग्णदिवस) काढतात. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. गोंधळ त्याच्या आधीच होतो: वापर डीडीडीत (डिफाइन्ड डेली डोस, म्हणजे ठरवलेला रोजचा डोस) मोजायचा की डीओटीत (डेज ऑफ थेरपी, म्हणजे औषध मिळालेले दिवस)? दोन्ही 'दिवस'च मोजतात असं वाटतं आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर खपतो.

डीडीडी हा ग्रॅमचा हिशेब. प्रौढ माणसाला मुख्य आजारासाठी रोज सरासरी किती औषध लागतं, ते जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलंय. मेरोपेनेम या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनचं ३ ग्रॅम. फार्मसीतून गेलेले ग्रॅम भागिले ३, झालं. डीओटीत ग्रॅम येतच नाहीत. त्या तारखेला पेशंटला औषध मिळालं की एक दिवस. दोन अँटिबायोटिकं मिळाली तर दोन.

आता आयसीयूतल्या दोन खाटा बघा. पहिल्या पेशंटला मेरोपेनेम १ ग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस: २१ ग्रॅम, म्हणजे ७ डीडीडी आणि ७ डीओटी. दुसऱ्याची किडनी बिघडलेली, म्हणून डोस अर्धा ग्रॅम दोनदा. सात दिवसांचे ७ ग्रॅम, म्हणजे जेमतेम २.३ डीडीडी, डीओटी मात्र ७च. शरीरातल्या जंतूंवर औषधाचा दबाव दोघांच्याही बाबतीत सातच दिवस होता! आयसीयूत किडनीचे पेशंट कायम असतात, म्हणून तिथे मी डीओटीचाच आग्रह धरते. लहान मुलांच्या वॉर्डात तर डीडीडी वापरूच नये, डोस वजनावर ठरतो.

मात्र डीओटीसाठी प्रत्येक ड्रग चार्ट उघडावा लागतो आणि कागदी चार्ट असतील तर ते फार वेळखाऊ आहे. अख्ख्या हॉस्पिटलसाठी फार्मसीच्या नोंदींवरून डीडीडी काढणं सोपं पडतं. फक्त नातेवाइकांनी मेडिकलला परत केलेल्या व्हायली आधी वजा करा.

आणखी एक. २०१९ मध्ये मेरोपेनेमची डीडीडी २ वरून ३ ग्रॅम झाली, कोलिस्टिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनची ३० लाखांवरून ९० लाख युनिट. जुन्या-नव्या वर्षांचा आलेख सरळ जोडला, तर एकही डोस कमी न करता कोलिस्टिनचा वापर एक तृतीयांशावर आलेला दिसेल. आधी जुन्या वर्षांचे ग्रॅम आणि युनिट काढा, नव्या डीडीडीने भागा, मग रेघ ओढा.