थेरानोस: एका थेंबावर उभी राहिलेली कंपनी

घरात ग्लुकोमीटर असणाऱ्याला थेरानोस या अमेरिकी रक्ततपासणी कंपनीची कल्पना समजावून सांगावी लागत नाही. बोटाला सुई टोचली, पट्टीला थेंब लावला की काही सेकंदांत साखर कळते. मग थायरॉइड, कोलेस्टेरॉलही त्याच थेंबात का कळू नये? दंडाला पट्टा आवळून, नस शोधून, रंगीबेरंगी झाकणांच्या तीन-चार ट्यूब भरायच्या कशाला?

एलिझाबेथ होम्सने २००३ मध्ये कंपनी काढली तेव्हा ती १९ वर्षांची होती. स्टॅनफर्डमधलं केमिकल इंजिनीअरिंगचं शिक्षण तिने अर्धवट सोडलं. तिची सुरुवातीची कल्पना तर आणखी धाडसी होती: अंगावर चिकटवायची पट्टी, जी आजार ओळखेल आणि औषधही देईल. स्टॅनफर्डच्याच वैद्यक विभागातल्या प्राध्यापक फिलिस गार्डनर यांनी हे होणं नाही असं सरळ सांगितलं. इंजिनीअरिंगचे प्राध्यापक चॅनिंग रॉबर्टसन मात्र तिच्या पाठीशी उभे राहिले. पुढची बारा वर्षं थोड्याफार फरकाने असंच चाललं. ज्यांचा रक्ततपासणीशी रोजचा संबंध, ते मान हलवत बाजूला झाले आणि बाकीचे भारावत गेले.

अडचण थेंबातच होती. बोट पिळून काढलेलं रक्त नसेतल्या रक्तासारखं नसतं. त्यात आजूबाजूच्या पेशींमधला द्रव मिसळतो. पिळताना लाल पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टमध्ये आकडा उगाच फुगतो. पोटॅशियमचा संबंध थेट हृदयाच्या ठोक्यांशी आहे, त्यामुळे ही चूक किरकोळ म्हणता येत नाही. शिवाय थेंब एक आणि चाचण्या दोनशेच्या वर. साखर मोजायची रीत वेगळी, हार्मोनची वेगळी, पेशी मोजायची आणखी वेगळी. कंपनीचं 'एडिसन' यंत्र यातल्या एकाच जातीच्या मोजक्या चाचण्या करू शकत होतं, त्याही धड नाहीत. बाकीच्यांसाठी पडद्यामागे सीमेन्ससारख्या कंपन्यांची नेहमीचीच यंत्रं चालायची. थेंब त्यांना पुरत नाही म्हणून रक्त पातळ करून घातलं जाई. एवढ्याशा नमुन्यात पाणी घातलं की मोजणीतली चूकही त्या पटीत वाढते, हे लॅबमध्ये काम करणाऱ्या कोणालाही विचारा.

तरीही २०१३ मध्ये वॉलग्रीन्स या औषध दुकानांच्या साखळीशी भागीदारी जाहीर झाली आणि ॲरिझोनात खऱ्या रुग्णांचं रक्त घेणं सुरू झालं. परवानगी कशी मिळाली? खरं तर ती लागलीच नाही. दुसऱ्या लॅबना विकायच्या यंत्रांची छाननी अमेरिकेत एफडीए हे सरकारी खातं करतं. पण लॅबने स्वतः बनवून स्वतःच वापरलेल्या चाचण्यांच्या मागे ते सहसा लागत नसे. लॅबची तपासणी सीएमएस ही दुसरी यंत्रणा करते. या दोघांच्या मधल्या फटीत थेरानोस आरामात बसली होती.

संचालक मंडळावर हेन्री किसिंजर, जॉर्ज शुल्ट्झ, जेम्स मॅटिस अशी नावं. मंत्री आणि सेनानी भरपूर, डॉक्टर मोजकेच. माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक आणि वॉलमार्टच्या वॉल्टन कुटुंबाने पैसे घातले. एकूण ७० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि २०१४ मध्ये कंपनीचं मूल्य ९ अब्ज डॉलर धरलं गेलं.

आतून आवाज उठवला तो विशीतल्या दोघांनी. एरिका च्युंग लॅबमध्ये होती. गुणवत्तेच्या चाचणीत न बसणारे आकडे वगळले जाताना तिने पाहिलं. दुसरा टायलर शुल्ट्झ, संचालक जॉर्ज शुल्ट्झ यांचा नातू. आजोबांना समजवायला तो त्यांच्या घरी गेला, तर वरच्या मजल्यावरून थेरानोसचे वकील कागद घेऊन खाली उतरले. आजोबांनी विश्वास ठेवला तो होम्सवर. टायलरच्या आईवडिलांचे वकिलांवर चार लाख डॉलरच्या वर गेले.

ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये पत्रकार जॉन कॅरेरू यांची थेरानोसचं पितळ उघडं पाडणारी बातमी आली आणि मग पडझडीला वेळ लागला नाही. २०१६ मध्ये कंपनीने एडिसनचे दोन वर्षांचे निकाल रद्द केले, वॉलग्रीन्सने करार मोडला, होम्सवर लॅब चालवायला दोन वर्षांची बंदी आली. सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनी गुंडाळली गेली.

होम्सच्या खटल्यात एका महिलेने साक्ष दिली. थेरानोसच्या रिपोर्टवरून तिचा गर्भपात होतोय असं दिसत होतं. प्रत्यक्षात गर्भ ठणठणीत होता आणि पुढे बाळ सुखरूप जन्मलं. जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीने होम्सला चार आरोपांत दोषी ठरवलं. चारही गुंतवणूकदारांना फसवल्याचे. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून ती सुटली. तिला ११ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली आणि मे २०२३ मध्ये ती टेक्सासच्या तुरुंगात हजर झाली. तिचा एकेकाळचा जोडीदार आणि कंपनीचा क्रमांक दोनचा माणूस रमेश 'सनी' बलवानी याचा खटला वेगळा चालला, दुसऱ्या ज्युरीपुढे. त्याला बाराही आरोपांत दोषी ठरवलं गेलं, त्यात रुग्णांचेही होते.