कोंड्यावर तेल? जरा थांबा

डोक्यात कोंडा झाला की घरोघरी एकच सल्ला मिळतो: टाळू कोरडी पडली आहे, रात्री भरपूर तेल चोळून झोप. हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

कोंड्यामागे बहुधा मॅलेसेझिया नावाची बुरशी असते. ती प्रत्येकाच्याच टाळूवर राहते आणि तिथल्या तेलकटपणावर जगते. तेलाचं विघटन करताना ती ओलेइक आम्लासारखी मेदाम्लं मागे सोडते. ज्यांना ती सोसत नाहीत, त्यांच्या टाळूची आग होते, खाज सुटते, आणि पेशी भराभर तयार होऊन पुंजक्यांनी गळू लागतात. कंगव्याला चिकटणारे पिवळसर, चिकट पापुद्रे ते हेच. त्यावर रात्रभर तेल थापणं म्हणजे बुरशीला आयतं खाद्य पुरवणं. तेलाने पापुद्रे चिकटून बसतात, दिसेनासे होतात, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं, एवढंच.

लिंबाचा रसही नको. तो टाळूच्या मानाने फारच आम्लधर्मी असतो. खाजवून सोललेल्या त्वचेला झोंबतो आणि उन्हात गेल्यास भाजल्यासारखे डागही पडू शकतात.

खोबरेल तेल वाईट मुळीच नाही. केसांतून प्रथिनं निघून जाणं ते कमी करतं, तेव्हा धुण्याआधी केसांच्या लांबीला जरूर लावा, टाळूला नको. कोंड्यासाठी केटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइड हे बुरशीला रोखणारे घटक असलेला शांपू घ्या. फेस तीन ते पाच मिनिटं टाळूवर राहू द्या, मगच धुवा. महिनाभरात फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण सोरायसिस हा त्वचेचा आजारही असाच दिसतो.