केस, कातडी आणि वस्तऱ्याचे टोक

गिरगावातील ज्या चाळीत मी वाढलो, तेथे मजल्यावरच्या न्हाणीघराबाहेर सकाळी रांग लागायची आणि पाच मिनिटे झाली की दारावर थाप पडायची. वयात आल्यावर जांघेतले केस काढण्याचा पहिला प्रयत्न मी तिथेच केला, मिणमिणत्या दिव्याखाली, बादलीतल्या थंड पाण्याने आणि दाढीच्या ब्लेडने. जखम लहानच झाली, पण अवघड जागेचे दुखणे कोणाला सांगणार? पुढे धातू आणि त्यांच्या धारा यांविषयी वाचू लागलो, तेव्हा कळले की त्या दिवशी माझ्या हातून झालेल्या जवळजवळ प्रत्येक चुकीमागे एक साधे भौतिक कारण होते. ज्यांना घडीचा वस्तरा आवडतो आणि तोच या कामासाठी वापरावासा वाटतो, त्यांना ही कारणे ठाऊक असायलाच हवीत, असे मला मनापासून वाटते.

वस्तऱ्याची घडण चेहऱ्यासाठी झालेली आहे. त्याची पाठ जाड असते आणि दगडावर घासताना पाठ व धार दोन्ही टेकवायच्या असतात. त्यामुळे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरून धारेचा कोन आपोआप ठरतो, तो सुमारे 16-17 अंशांचा असतो. गालाखाली हाड आहे, कातडी दोन बोटांनी ताणली की सपाट होते आणि धारेची बरीच लांबी एकाच वेळी टेकते. जांघेत यातले काहीच नाही. तेथे घड्या आहेत, उतार आहेत आणि कातडीखाली टेकू नाही. वृषणकोशाची कातडी तर विशेष पातळ असते. तिच्याखाली चरबीचा थर नसतो आणि तिला लागून असलेला डार्टोस नावाचा स्नायू गारव्याने आकसून तिच्या चुण्या पाडतो. थंड पाण्याने सुरुवात करणे म्हणजे वस्तऱ्यापुढे खाचखळग्यांचा रस्ता मांडणे होय.

कोमट पाण्याचा फायदा दुहेरी आहे. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजल्यावर त्याच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सैल होतात, केस सुमारे 15 टक्क्यांनी फुगतो आणि तो कापायला लागणारा जोर पुष्कळच घटतो. जोर कमी लागला की हातही हलका राहतो. शिवाय उबेने स्नायू सैल पडतो आणि कातडी पसरते.

आता कापण्याच्या क्रियेकडे पाहू. विळीवर पिकलेला टोमॅटो नुसता दाबला तर तो चेंगरतो. तोच पात्यावरून ओढला की अलगद चिरला जातो, कारण मऊ पदार्थावर धार तिच्या लांबीच्या दिशेने सरकली की तो फार कमी दाबात कापला जातो. कातडी अशीच मऊ आहे. वस्तरा धारेला काटकोनात पुढे सरकत असतो, तोवर ती बरेच सोसते. हात जरासा आडवा घसरला की मात्र त्याच दाबाला ती चिरते. वळणदार जागी हात आडवा जाण्याचा मोह सतत होतो. त्यातच सगळी धार टेकत नसल्यामुळे हाताचा जोर दोन-चार मिलिमीटर लांबीवर एकवटतो, आणि चौकोनी टोकाच्या वस्तऱ्यात तो नेमका कोपऱ्यावर येतो.

आमच्या गल्लीतल्या केशकर्तनालयात एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हते, तेव्हा तिथले वृद्ध कारागीर एका जुन्या वस्तऱ्याचा कोपरा ओल्या दगडावर हलकेच फिरवत बसले होते. मी विचारले, "काका, चांगली धार का घालवताय?" ते मान वर न करता म्हणाले, "धार कुठं घालवतोय? टोक मारतोय. केस धारेनं कापले जातात, कातडं टोकानं." मग त्यांनी तो कोपरा माझ्या नखावरून फिरवून दाखवला. आधी तो नखात अडकला असता, आता तो काच पुसावी तसा निसटला. जेमतेम अर्धा मिलिमीटर पोलाद गेले होते.

नाजूक जागेसाठी पात्यात करण्यासारखा बदल माझ्या मते एवढाच आहे. तो बारीक पोताच्या दगडावर, पाणी घालून, हातानेच करावा. फिरत्या सहाणचाकावर टेकवल्यास पातळ टोकातली उष्णता निघून जायला वाट मिळत नाही. पोलाद 200 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पिवळसर आणि 300 च्या आसपास निळे दिसू लागते, आणि तेवढ्या भागाचा कठीणपणा कायमचा उतरतो. धारेचा कोन बदलणे किंवा 'इजा होऊ नये म्हणून' धार मुद्दाम बोथट करणे हा तर उलटाच उपाय आहे, कारण बोथट धार केस कापण्याऐवजी ओढते आणि हात आपसूक अधिक दाबू लागतो. आज बहुतेक दुकानांत दुधारी ब्लेड कागदासकट मोडून त्याचा अर्धा भाग वस्तऱ्याच्या खाचेत बसवतात. ते ब्लेड जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचे असते आणि त्याच्या धारेवर सूक्ष्म लेप असतो. ते घासून सुधारायला जाऊ नये. ज्या वस्तऱ्याची खाच ब्लेडचे दोन्ही कोपरे झाकते, तोच निवडावा.

धार किती बारीक असावी, याची कसोटी आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत चांगले परजलेले शस्त्र केस कापणारे असावे असे म्हटले आहे. परजण्यासाठी उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि धार टिकवण्यासाठी शाल्मलीच्या, म्हणजे सावरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. न्हावी ज्यावर वस्तरा घासून धार नीट करतो, त्या चामड्याच्या पट्ट्याचे काम ती फळी करत असे.

एवढे कठीण पोलाद केसासारख्या मऊ वस्तूने कसे बोथट होते, याचे उत्तर मात्र 2020 साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या संशोधकांनी दिले. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले की धार झिजून गोल होण्याऐवजी तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून धारेला तिरका भिडला, धारेला आधीच सूक्ष्म खाच असली आणि पोलादाची अंतर्गत रचना तेथे एकसारखी नसली, की टवका निघतो. त्यांचे प्रयोग दाढीच्या केसांवरचे होते. जांघेतले केस कुरळे असतात आणि नाना दिशांना वळलेले असतात, त्यामुळे तेथे तिरकी गाठ अधिक वेळा पडणार, असा माझा तर्क आहे. म्हणून आधी कात्रीने किंवा ट्रिमरने केस आखूड करून घ्यावेत.

कापणे संपल्यावरही कातडीचे काम चालूच राहते. कुरळा केस पृष्ठभागाच्या खाली कापला गेला, तर वाढताना त्याचे तिरपे टोक पुन्हा कातडीतच शिरते आणि शरीर त्याला परकी वस्तू समजून सूज आणते. हे टाळण्यासाठी केसांच्या दिशेनेच एकदा वस्तरा फिरवून थांबावे. शल्यचिकित्सेचा अनुभवही बोलका आहे. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शस्त्रक्रियेपूर्वी वस्तऱ्याने केस काढलेल्यांमध्ये जखमेच्या संसर्गाचे प्रमाण 5.6 टक्के होते आणि केस न काढलेल्यांमध्ये अवघे 0.6 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये तर शस्त्रक्रियेआधी वस्तरा नकोच, गरज असेल तर क्लिपर, म्हणजे केस आखूड कापणारे यंत्र वापरावे, असे स्पष्ट सांगितले. डोळ्यांना न दिसणारे ओरखडेही जंतूंना वाट देतात, हे त्यामागचे कारण आहे.

मुंबईच्या हवेत हा मुद्दा अधिक गंभीर होतो. जुलैमध्ये घामाने चिंब कपड्यांनी तासभर लोकलमध्ये उभे राहिल्यावर ताजी कातडी घासली जाते आणि केसांच्या मुळांशी पुळ्या येतात. म्हणून हे काम रात्री, सुट्टीच्या आदल्या दिवशी करावे आणि नंतर सैल सुती कपडे घालावेत. जांघेत गजकर्ण असेल तर वस्तरा अजिबात लावू नये. दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेली स्टेरॉइडची मलमेही लावू नयेत, कारण वृषणकोशाची कातडी हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड हाताच्या कातडीपेक्षा सुमारे 42 पट शोषते, असे 1967 मध्येच मोजले गेले आहे.

वस्तरा ज्याचा त्याचा स्वतंत्रच हवा, कारण हेपेटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकतो. कार्बन पोलादाचे पाते काम झाल्यावर धुऊन, पुरते कोरडे करून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब फिरवून ठेवावे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंज डोळ्यांना दिसण्याआधीच धार खाऊन टाकतो.