स्ट्रॉबेरी जॅम (घरगुती)

स्ट्रॉबेरी साखर व लिंबाच्या रसात आटवून केलेला टिकाऊ पदार्थ. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामात तिथली मऊ पडलेली, पण न सडलेली फळे जॅमला चालतात. मात्र पाव हिस्सा किंचित कच्ची हवीत, कारण पिकताना पेक्टिन (फळातला, जॅम घट्ट धरवणारा नैसर्गिक घटक) घटते. साखर, आम्ल आणि पेक्टिन जुळले तरच जॅम धरतो, आणि स्ट्रॉबेरीत पेक्टिन मुळातच कमी.

१ किलो फळाला ७५० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस आणि सालीसकट किसलेले एक लहान आंबट सफरचंद घ्यावे. (पेरूनेही काम होते, पण त्याचा वास वरचढ ठरतो.) फळे आधी धुवून मग देठ काढावेत, उलट केल्यास फळात पाणी शिरते. साखर लावून रात्रभर ठेवली की फळ स्वतःच्या रसात भिजते आणि शिजताना वर तरंगत नाही. स्टीलचे पसरट पातेले घ्यावे. ॲल्युमिनियम आंबटाला नको. साखर विरघळेपर्यंत आच मंद, नंतर मोठी. मंद आचेवर तासभर रटरटवल्यास पेक्टिन तुटते, रंग तपकिरी होतो.

जॅम झाला हे ओळखणे हीच खरी मेख. मोरांब्याची सवय असलेले एकतारी पाक पाहतात. पण तार पाकाचा दाटपणा सांगते, पेक्टिन धरले की नाही ते सांगत नाही. फ्रीजमध्ये गार केलेल्या बशीत थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकलावा. पृष्ठभागाला सुरकुती पडली की गॅस बंद. ही परीक्षा चालू असताना पातेले आचेवरून खाली हवे, नाहीतर तेवढ्यात जॅम पुढे जातो. थर्मामीटरचा १०५ अंश सेल्सिअस हा आकडा समुद्रसपाटीचा. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात तो १०० ते १०१ धरावा. तिथे १०५ गाठू पाहणाऱ्याच्या हाती चिक्कीचा पाक येतो. वजन मात्र कुठेही फसवत नाही: रिकाम्या पातेल्याचे वजन वजा जाता सव्वा किलोच्या आसपास उरले, की विद्राव्य घटक (विरघळलेले घटक, मुख्यतः साखर) ६५ टक्क्यांच्या थोडे वर गेलेले असतात.

फेस काढून, उकळत्या पाण्यात १० मिनिटे ठेवलेल्या कोरड्या बरण्यांत जॅम गरम असतानाच भरावा व लगेच झाकण लावावे. बुरशी येते ती बहुधा कमी आटवल्याने किंवा ओल्या चमच्याने. साखरेचे खडे धरणे हे जादा आटवल्याचे किंवा लिंबू कमी पडल्याचे लक्षण. लिंबू फार झाले तर जॅमला पाणी सुटते. सैल राहिलेला जॅम थोडे किसलेले सफरचंद घालून पुन्हा उकळता येतो. उघडलेली बरणी फ्रीजमध्ये ठेवावी.