पॅकेजवरचा आकडा नेमकं काय सांगतो?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासात डेबियन ११ची (ही लिनक्सची एक जात) मशिनं असतील आणि कुणी पेनड्राइव्हवर नव्या उबुंटूचं (हीसुद्धा लिनक्सच) 'डेब' पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायची बांधीव फाइल, आणलं, तर ते बहुधा बसणारच नाही. आतल्या 'कंट्रोल डॉट टार डॉट झेडएसटी' या फाइलीचं कॉम्प्रेशन (दाबून लहान करण्याची पद्धत) अनोळखी आहे, असं सांगून पॅकेजं बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्राम हात वर करतो. पोरांना वाटतं, फाइल खराब आली. फाइल ठणठणीत असते.

खरं तर या फाइलनं आपली ओळख सुरुवातीलाच दिलेली असते. पहिले ८ बाइट अर्काइव्हची (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या गाठोड्याची) खूण, पुढचे ६० बाइट आतल्या पहिल्या फाइलीचं नाव-आकार वगैरे, आणि लगेच तिचा मजकूर: '२.०' आणि ओळ संपल्याची खूण. ७२ बाइटांत काम झालं. हा २.० आतल्या सॉफ्टवेअरचा नव्हे, पॅकेज बांधण्याच्या पद्धतीचा. टिंबाच्या डावीकडचा आकडा अनोळखी असेल तर थांबायचं, उजवीकडचा वाढला असेल तर पुढे जायचं, असा नियम आहे.

मग घोळ कुठे झाला? उबुंटूनं २१.१० पासून पॅकेजं झेडस्टँडर्ड या नव्या पद्धतीनं (वरचं 'झेडएसटी' ते हेच) दाबायला सुरुवात केली, पण आकडा २.०च राहिला. नियम शाबूत, आकडा शाबूत, आणि पॅकेज उघडत नाही! माझ्या मते जुन्या वाचकाला जे वाचताच येणार नाही, तो बदल डावीकडच्या आकड्यात दिसलाच पाहिजे. आरपीएम या लिनक्सच्या दुसऱ्या पॅकेज-फॉरमॅटची तर वेगळीच तऱ्हा. त्याच्या सुरुवातीच्या ९६ बाइटांत आवृत्ती ३ लिहिलेली असते. चौथ्या आवृत्तीच्या पॅकेजांतही ३च. खरी ओळख त्यापुढच्या हेडरवरून, म्हणजे माहितीच्या भागावरून, पटते.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या 'व्हील' नावाच्या पॅकेजचा पेच याहून बारीक आहे. २०१२ साली मांडलेल्या या फॉरमॅटचा नियम चोख आहे: मोठा आकडा वाढला तर नकार, छोटा वाढला तर नुसता इशारा. पण व्हील म्हणजे झिप फाइल, आणि हा आकडा त्या झिपच्या आत, एका छोट्या मजकूर-फाइलीत असतो. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगवर हीट नंबर (धातूच्या कोणत्या वितळीतून ते ओतलं त्याचा क्रमांक) बाहेरूनच उठवलेला असतो, तुकडा कापून बघावा लागत नाही. इथे मात्र कापावंच लागतं. पायथॉनची पॅकेजं बसवणारा पिप हा प्रोग्राम कोणती फाइल घ्यायची ते नावावरून ठरवतो, ती उतरवतो, उघडतो आणि मग त्याला कळतं की ही आपल्या आवाक्यातली नाही. तेव्हा मागे वळून आधीची आवृत्ती घेण्याऐवजी तो तिथेच थांबतो.

म्हणून एक गट म्हणतो, नव्या फॉरमॅटला फाइलनावाचं शेपूटच वेगळं द्या, म्हणजे जुना पिप तिच्या वाटेला जाणार नाही. बरोबर, पण मग तो गुपचूप जुनीच आवृत्ती घेत बसेल आणि सुरक्षेची दुरुस्ती आल्याचं वापरणाऱ्याला कळणारही नाही. किंवा सोर्स कोड दिसला तर तोच घेऊन मशिनवर बांधायला लागेल आणि त्यासाठी लागणारा कंपायलर (कोडचं चालणाऱ्या प्रोग्रामात रूपांतर करणारा) नाही म्हणून भलताच एरर देईल. दुसऱ्या गटाला अशा गुपचूपपणापेक्षा एरर देऊन मोठ्यानं झालेलं अपयश परवडतं.

मी नावात लिहिण्याच्या बाजूचा. सोबत 'नवी फाइल आहे, पण मला वाचता येत नाही' असं पिपनं सांगायला हवं. अडचण एवढीच, की हे सांगायला शिकवायचंय ज्या पिपला, तो आधीच लाखो मशिनांवर जाऊन बसलाय.